मालकाची वही आणि कातकऱ्याचे गणित

भोर-वेल्ह्याच्या (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड) डोंगरातल्या कातकरी वाडीवर सर्वांनी मिळून धरलेल्या मासळीचे वाटे घालतात. लहानमोठी मासळी अशी लावायची की कुणीही कोणताही वाटा उचलावा, तक्रार राहू नये. हा भागाकारच आहे आणि त्याचा ताळा न्यायाने होतो. खेड्यातली जुनी माणसे विसाने मोजत, दोन विसा म्हणजे चाळीस. वीस मणांची खंडी याच रीतीची. तरीही शाळेत कातकऱ्याचे पोर 'गणितात कच्चे' ठरते!

लोकांच्या व्यवहारातही गणित असते, हा विचार ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द'अँब्रोसिओ यांनी १९८४ साली अ‍ॅडलेडच्या जागतिक परिषदेत मांडला. आपल्याकडे मात्र १९६५ साली छापलेल्या पुस्तकातील क्लृप्त्या 'वैदिक गणित' म्हणून मिरवतात. ती सूत्रे वेदांत सापडत नाहीत, असे गणितज्ञांनीच सांगितले आहे. मग ज्ञानपरंपरेच्या यादीत कष्टकऱ्यांची मोजणी का नाही?

पण नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांवर. किती विटा पाडल्या हे राबणाऱ्या बाईला ठाऊक असते, पण वही मालकाची. हंगाम संपताना त्या वहीत अनेकदा उचल शिल्लकच निघते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. वहीतून ती चालूच राहते. कुलकर्ण्याची लेखणी अडाणी शेतकऱ्याला कशी नागवते, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच दाखवले होते.

कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरीही केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत आहेत. यादीत नाव आले, हिशेब हातात आला नाही. म्हणून शाळेने वाडीवरचे वाटे आणि विसा वर्गात आणावेत, आणि त्याच वर्गात उचल, दर व कपात यांचा हिशेबही शिकवावा. आई-बाप भट्टीवर गेले तर शाळा तिथवर पोहोचली पाहिजे.

येत्या १४ एप्रिलला भट्ट्या पेटलेल्याच असतील. कार्यकर्त्यांनी मिरवणुकीतून थोडा वेळ काढून तिथे जावे, पोरांच्या हाती कोरी वही द्यावी. पहिल्या पानावर त्यांनी आपल्या आईने पाडलेल्या विटा मांडाव्यात. मालकाच्या वहीला उत्तर देणारी दुसरी वही तयार होणे, हीच बाबासाहेबांना खरी मानवंदना!