पिवळ्या भुकटीची पोचपावती

सन १९६८ च्या नोव्हेंबर महिन्यात बेल्जियममधील अँटवर्प बंदरात ‘शेर्सबर्ग ए’ नावाच्या मालवाहू जहाजावर सुमारे २०० टन युरेनियमची भुकटी ५६० पिंपांतून चढविण्यात आली, पिंपांवर आत शिसे असल्याचा भास करून देणारी ‘प्लम्बॅट’ ही अक्षरे रंगविण्यात आली, कागदोपत्री इटलीतील जिनोआ हे मुक्कामाचे बंदर म्हणून नोंदले गेले, आणि काही आठवड्यांनी ते जहाज तुर्कस्तानच्या इस्केंदेरून बंदरात लागले तेव्हा त्यात त्या मालाचा मागमूसही नव्हता. तो इस्राएलला पोचला असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. या प्रकरणातील हेरांच्या चातुर्याची वर्णने पुष्कळ झाली. मला मात्र त्यातील दप्तरी शैथिल्य अधिक उद्बोधक वाटते. जिनोआत माल उतरलाच नाही, ही गोष्ट युरोपीय नियामकांच्या ध्यानात यावयास कित्येक महिने लागले, आणि जगाला ती कळावयास १९७७ साल उजाडावे लागले. कोणा शूर पहारेकऱ्याला लोळवून हा माल नेलेला नाही. पोचपावतीची वाट पाहणारा कारकून जागेवर नव्हता, एवढेच त्या यशाचे रहस्य.

ज्या वस्तूविषयी आपण बोलत आहोत ती खाण आणि अणुभट्टी यांच्या मधल्या टप्प्यावरची आहे. झारखंडमधील जादुगुडा येथे, जिथे १९६७ पासून सरकारी युरेनियम कॉर्पोरेशनचा कारभार चालतो, टनभर दगड फोडला तरी त्यातून किलोभरही युरेनियम हाती लागत नाही. म्हणून तो दगड दळून, आम्लात विरघळवून, गाळून, वाळवून जी संहत भुकटी उरते तीच पोलादी पिंपांत भरून पुढे पाठविणे सोयीचे पडते. तिला यलोकेक म्हणतात, जरी तीव्र उष्णतेवर भाजलेली परदेशी भुकटी पुष्कळदा काळपट हिरवी असते. दोनशे लिटरच्या आसपासचे एक पिंप भरले म्हणजे साडेतीनशे-चारशे किलोंचे होते, झाकणाभोवती लोखंडी कडे आवळून बोल्ट कसतात, त्यावर क्रमांकाची मोहोर बसते, आणि असा माल हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलाकडे रवाना होतो.

या भुकटीची भीती लोक चुकीच्या कारणासाठी बाळगतात. तिचा किरणोत्सर्ग मंद असतो. पिंपाशेजारून चालत गेलेल्या माणसाला त्यापासून फारसा अपाय संभवत नाही, आणि अपघातात पिंप फुटले तर खरी चिंता धूळ श्वासातून वा अन्नातून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना होणाऱ्या विषबाधेची असते. म्हणूनच वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तिला अल्प किरणोत्सारी पदार्थांच्या सर्वांत सौम्य वर्गात घातले आहे, आणि ते सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण अपघातापासूनची सुरक्षितता निराळी आणि चोरीपासूनची सुरक्षा निराळी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अण्वस्त्राच्या दृष्टीने दखलपात्र ठरविलेले नैसर्गिक युरेनियमचे परिमाण १० टन आहे. म्हणजे तीस-पस्तीस पिंपे, म्हणजे एका वीस फुटी कंटेनरात मावणारा ऐवज. त्याचे अण्वस्त्र करण्यासाठी पुढे समृद्धीकरणासारखे प्रचंड यंत्रजाल लागते हे खरे. परंतु ज्याच्यापाशी ते यंत्रजाल गुप्तपणे उभे आहे त्याला कच्च्या मालाचीच वानवा असते, आणि त्याची नजर नेमकी याच पिंपांवर असते.

आता नियम काय सांगतो ते पाहा. अणुपदार्थांच्या भौतिक संरक्षणाविषयीचा १९८० चा आंतरराष्ट्रीय करार, ज्यात भारतही सामील आहे, ५०० किलोंहून अधिक नैसर्गिक युरेनियम सरहद्दीपलीकडे जात असेल तर वाहतुकीचा प्रकार व पोचण्याची अपेक्षित वेळ आगाऊ कळवावी आणि माल मिळाल्याची खातरजमा करावी, असे बंधन घालतो. त्याखेरीज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची शिफारस एवढीच, की अशा युरेनियमचे रक्षण निदान ‘विवेकपूर्ण व्यवस्थापनाच्या’ रीतीने व्हावे. विवेक हा उत्तम गुण असला तरी तो कलम म्हणून निरुपयोगी आहे, कारण त्याचा भंग झाला हे कोणत्याही अंमलदारावर सिद्ध करता येत नाही. आपल्याकडे वाळूच्या ट्रकाला जो परवाना लागतो त्यावर वाहनाचा क्रमांक, मालाचे परिमाण आणि मुदत लिहिलेली असते. (त्या परवान्याचे पुढे काय होते हे नदीकाठच्या वाचकाला सांगावयास नको, पण नियम तरी आहे.) युरेनियमच्या बाबतीत विवेकावर भिस्त ठेवावी, हे मला अजब वाटते.

अँटवर्पच्या मालासारखा प्रकार आता संभवत नाही, असेही नव्हे. मार्च २०२३ मध्ये लिबियातील एका ठिकाणाहून सुमारे अडीच टन युरेनियमची दहा पिंपे गहाळ झाल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनिसांना आढळले. आणि आपल्या दाराशी, मे २०२१ मध्ये, महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत सात किलोंहून थोडे अधिक नैसर्गिक युरेनियम पकडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने तसा निर्वाळा दिला. वृत्तपत्रांनी त्याची किंमत २१ कोटी रुपयांच्या घरात छापली. त्या सुमारास जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा पौंड ३० डॉलरच्या आसपास होता, आणि त्या भावाने त्या मुद्देमालाची किंमत चाळीस-पन्नास हजार रुपयांवर जात नव्हती. आकडा फुगविणाऱ्यांनी नकळत पुढच्या चोराला आमंत्रण दिले, असे म्हणावे लागते. त्या युरेनियमचा वाहतुकीशी काही संबंध होता असे मी सुचवीत नाही. असा पदार्थ हिशेबाबाहेर फिरू शकतो एवढेच त्यावरून दिसते.

याला उपाय म्हणून बंदूकधारी ताफे सुचविणाऱ्यांशी माझे जमत नाही. ताफा खर्चिक असतो, आणि ‘या गाडीत काहीतरी मोलाचे आहे’ अशी दवंडी तो गावोगाव पिटत जातो. हवी आहे ती हिशेबाची शिस्त: प्रत्येक पिंपाचे रिकामे व भरलेले वजन, मोहोरेचा क्रमांक, प्रत्येक हस्तांतरणाच्या ठिकाणी देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही, चालकाची पूर्वचौकशी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठरलेल्या तासांत पोच न आल्यास आपोआप वाजणारी धोक्याची घंटा. मार्ग आणि वेळ गुप्त राहिलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु गुप्ततेच्या बुरख्याखाली नियमही गुप्त ठेवावेत, आणि वर्षाकाठी किती पोचपावत्या उशिरा आल्या व किती मोहोरा तुटलेल्या आढळल्या हेही नागरिकांना कळू नये, याला कोणतेही समर्थन नाही. कारण त्या आकड्यांवरून चोराला मार्ग कळत नाही, मात्र आळशी अधिकाऱ्याला जाब विचारता येतो.

अणुऊर्जा नियामक मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे, आणि १९८३ पासून ते किरणोत्सारी वाहतुकीचे नियमन करीत आले आहे. मंडळाने देशांतर्गत वाहतुकीलाही आगाऊ सूचना आणि पोच यांचे बंधन, ५०० किलोंची सवलत न देता, मुदतीच्या तासांसह लेखी स्वरूपात घालावे, आणि त्या कलमाच्या पालनाचा वार्षिक तक्ता प्रसिद्ध करावा.