विमानाच्या पंखावरची सुरकुती कोणाची?



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या शाळांतून विमानांची मॉडेल्स दिसू लागतात. चकचकीत पंख, सरळ पट्टे, कुठे एक सुरकुती नाही. बघून बरं वाटतं. पण खरं सांगा, त्यातली किती मुलांनी केलेली असतात? आज मला यावर थोडं बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी चिमूर भागात प्राथमिक शिक्षक आहे. सातवीतल्या एका मुलीने बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा तयार केला होता. त्यावर इस्त्रीने चिकटणारी फिल्म लावायची होती. ही पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. एका बाजूला गोंद असतो, तो गरम झाला की लाकडाला धरतो. कारखान्यात ही फिल्म ताणून बनवलेली असते, त्यामुळे जास्त उष्णता मिळाली की ती आकसते आणि ढोलावरच्या कातड्यासारखी ताठ होते. प्लास्टिक तापलं की वितळतं, एवढंच मुलांना माहीत असतं. ते आकसतंही, हे त्यांना इथे डोळ्यांनी दिसतं.

तिने चार दिवस खपून फिल्म लावली. सुरकुत्या पडल्या, एक पंख थोडा पिळला. उरलेल्या लाल तुकड्यातून तिने एक घोडा कापून पंखावर चिकटवला होता, आपल्या चिमूरच्या घोडायात्रेतला. घोड्याच्या पायाखाली हवेचे फुगे राहिले होते.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी ते विमान घरी नेलं. फिल्म काढली, नवीन लावली. घोड्याच्या जागी दोन सरळ पट्टे मारले. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तिला साधा प्रश्न विचारला, "वरच्या फिल्मची कड खाली का दुमडली आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. प्रमाणपत्र मिळालं. परत येताना ती म्हणाली, "सर, ते तर तुमचंच विमान होतं ना."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या नावाचा प्रश्न असतो, पालकांच्या अपेक्षा असतात. मान्य. पण या कामात शिकण्यासारखं जे काही आहे, ते सगळं चुकण्यातच आहे. बघा:

१. आधी लाकूड बारीक सँडपेपरने घासून धूळ पुसावी लागते. धूळ राहिली की गोंद धरत नाही. मुलाने एकदा हे टाळलं की कारण त्याला कायमचं कळतं.

२. आधी पंखाची खालची बाजू, मग वरची. वरच्या फिल्मची कड खाली दुमडली की समोरून येणारा वारा ती उचकटू शकत नाही. घरावर कवेलू चढवताना वरचं खालच्यावर येतं, तसंच हे. आपल्या मुलांनी कवेलू चढवताना पाहिलेले असतात.

३. कडा चिकटवताना इस्त्री मंद, मधला भाग ताणताना थोडी जास्त गरम. एकाच बाजूला जास्त ताण बसला तर पंख पिळतो. मग तो उलट दिशेने हलकेच पिळून धरायचा आणि पुन्हा उष्णता द्यायची. म्हणजे चूक दुरुस्त होते! सुरकुतीही बहुतेक वेळा पुन्हा इस्त्री फिरवली की जाते.

४. पट्टे, अक्षरं, चित्रं शेवटी. खाली फिकट रंग आणि वर गडद, नाहीतर खालचा रंग आरपार दिसतो. इस्त्री मधून कडेकडे न्यायची, म्हणजे हवा बाहेर पडते. फुगा राहिलाच तर सुईने बारीक टोचून पुन्हा दाबायचं. पंखाच्या वर आणि खाली वेगळे रंग दिले तर उडणारं विमान सुलटं आहे की उलटं, हे लांबून कळतं. म्हणजे सजावटीलाही काम आहे.

माझ्या विद्यार्थिनीचा घोडा सुईच्या एका टोचणीने दुरुस्त झाला असता. मी तो काढून टाकला.

लहान वर्गांना इस्त्री देऊ नका. तिसरी-चौथीसाठी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद पुरे. आपल्या जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. कागद खळीने चिकटवून वाळू द्या, मग पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. सुकताना कागद ताणला जातो. रंग सुटतो का, ते आधी तुकड्यावर बघून घ्या. सहावी-सातवीला इस्त्री, पण वाफेची नाही आणि तुम्ही शेजारी उभे असताना.

राइट बंधूंनी 1903 च्या विमानाच्या पंखांवर सुती कापड लावलं होतं आणि ते स्वतः मशीनवर शिवलं होतं. आपल्या शेजारच्या वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, हातकामातून शिक्षण. डी.एड.ला आपण सगळ्यांनी तो परीक्षेसाठी लिहिला. वर्गात मात्र मुलाच्या हातातली इस्त्री आपणच काढून घेतो.

म्हणून एक विनंती. पालकहो, मुलाचा पंख वाकडा झाला तर वाकडाच शाळेत येऊ द्या. शिक्षक मित्रांनो, मॉडेलशेजारी मुलाचा पहिला बिघडलेला पंखही मांडा आणि गुण देताना विचारा, "हे बिघडलं कसं आणि तू नीट कसं केलंस?" ज्याने केलं असेल तो सांगेल. ज्याच्यासाठी दुसऱ्याने केलं असेल तो आपल्याकडे बघत राहील.

यंदा माझ्या वर्गातली विमानं सुरकुत्यांसह प्रदर्शनात जाणार आहेत. नंबर येईल न येईल. तुमच्या शाळेत काय करता, जरूर कळवा.