सांगाड्यापुढे उभा राहणारा शिक्षक कोण घडवणार?

शाळेची सहल संग्रहालयात जाते तेव्हा काय होते? रांग धरा, काचेला हात लावू नका, बोलू नका. पाऊण तासात पोरे बाहेर, डबे उघडले, सहल संपली. यात दोष पोरांचा नाही आणि एकट्या शिक्षकाचाही नाही. त्याला फळ्यासमोर पाठ घ्यायला शिकवले गेले. संग्रहालयात शिकवायचे कसे, हे कोणी शिकवलेच नाही.

म्हणून आमची मागणी आहे, की जीवशास्त्र शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक बी.एड. विद्यार्थ्याचे काही सराव पाठ संग्रहालयातच झाले पाहिजेत. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये क्षेत्रकार्य आणि शाळेतील अनुभवासाठी किमान २० आठवडे राखलेले आहेत. त्यातले चार दिवस काढणे अवघड नाही.

ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, हा हक्क आहे. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, तिथल्या मुलाला आईबाप संग्रहालय दाखवतील. वस्तीतल्या, आश्रमशाळेतल्या मुलाला ते शिक्षकानेच दाखवायचे आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला 'अजब बंगला', १८६३ सालापासून उभा आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असते, तिच्यासाठी असे सरकारी संग्रहालय हीच प्रयोगशाळा आहे.

शिकायचे काय? भावी शिक्षकाने आधी स्वतः जाऊन एकच दालन निवडावे. मुलांना माहिती ऐकवण्याऐवजी काम द्यावे : पाच पक्ष्यांच्या चोची काढा, कोण काय खात असेल ते लिहा आणि कशावरून, तेही सांगा. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय यांच्या हाडांची मांडणी ताडून पाहा. वर्गात परतल्यावर त्यावर वाद होऊ द्या. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. पुस्तकातले पान गाळता येते, पण सांगाड्यातली साक्ष पुसता येत नाही. मात्र ती वाचून दाखवणारा शिक्षक हवा.

आणि त्याने संग्रहालयालाही प्रश्न विचारले पाहिजेत. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त रिझले नाकाच्या मापावरून जातीची उच्चनीचता सांगत होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे आहेत, हा दावा खोडून काढला. विरोधकाच्या हातातले मोजमाप घेऊन त्यालाच उत्तर देणे, याला विज्ञाननिष्ठा म्हणतात. जिथे प्राण्यांच्या दालनाला लागूनच आदिवासींचे पुतळे मांडलेले दिसतील, तिथे आपल्या शिक्षकाने मुलांना थांबवून विचारावे : ही मांडणी कोणी केली? ही पाटी कोणी लिहिली? यात शहरातला सवर्ण माणूस का नाही?

हा प्रश्न विचारायला धाडस लागते, तसा सरावही लागतो. तो सराव प्रशिक्षणातच मिळाला पाहिजे.

बी.एड. करणाऱ्या साथींनो, आदेशाची वाट पाहू नका. चार-पाच जण मिळून जवळच्या संग्रहालयात जा, एका दालनावर पाठ तयार करा, वस्तीतल्या मुलांना घेऊन तो घ्या. मग तोच पाठ हातात धरून प्राचार्यांकडे मागणी करा. 'शिका' या शब्दाची हाक वर्गाच्या चार भिंतींपुरती कधीच नव्हती.

जय भीम!