पोट न उघडल्याचा दंड

मुलांच्या पोटाला बोथट मार लागून प्लीहा किंवा यकृत फाटले, तरी रक्ताभिसरण स्थिर आहे तोवर पोट न उघडता अतिदक्षता विभागात निरीक्षण करावे, हा शिरस्ता बालशल्यचिकित्सेत केव्हाच रुजला आहे. परंतु विमादाव्यांची छाननी करणाऱ्यांच्या तो गावीही नसल्याच्या तक्रारी वाचकांच्या पत्रांतून एकसारख्या येत आहेत. प्लीहा काढून टाकली तर शस्त्रक्रियेचे ठरीव पॅकेज मंजूर होते; ती वाचवली तर ‘ऑपरेशन नोट जोडलेली नाही’ असा शेरा मारून दावा परत येतो, आणि खुलासा धाडल्यावर सारा मुक्काम साध्या वॉर्डाच्या दराने मोजला जातो. तासातासाला नाडी, रक्तदाब आणि पोटाचा ताण पाहणारी परिचारिका, हिमोग्लोबिनच्या पुन्हापुन्हा होणाऱ्या तपासण्या, रक्तपेढीत राखून ठेवलेले जुळते रक्त आणि वेळ आलीच तर हाताशी असावा म्हणून रात्रभर थांबलेला भूलतज्ज्ञ, यांपैकी कशालाही त्या दरात जागा नाही. ऑपरेशनच केले नाही तर पैसे कशाचे, हा छाननी अधिकाऱ्यांचा सवाल मुलांच्या अवयवांच्या मुळावर येणारा आहे.

प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना पुढे जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे किंग आणि शूमॅकर यांनी १९५२ मध्येच दाखवून दिले होते. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काम केलेले पुरुषोत्तम उपाध्याय यांनी सिम्पसन यांच्यासह टोरांटोतील मुलांचा आढावा १९६८ मध्ये प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेविना उपचारांना भक्कम आधार मिळाला. ज्या उपचारपद्धतीत भारतीय शल्यचिकित्सकाचा एवढा वाटा, ती इथल्याच विमादात्यांना अनोळखी असावी, ही शरमेची गोष्ट आहे.

दोष मात्र एकट्या छाननीचा नाही. जखमेच्या तीव्रतेनुसार एक ते पाच अशी जी प्रतवारी होते, तीतील चौथी श्रेणी सी. टी. स्कॅनवर दिसताच चाकू उचलणारे आपल्या संघटनेचे सभासद आजही आहेत, आणि केसपेपरवर ‘निरीक्षण चालू’ एवढेच लिहून मोकळे होणारेही आहेत. निर्णय प्रतवारीवर नव्हे, तर रक्ताभिसरणावर घ्यायचा असतो. मुलांचा रक्तदाब फार उशिरा घसरतो, म्हणून आधी नाडी पाहावी. रक्त देऊनही ती उतरत नसेल, दिलेले रक्त किलोमागे ४० मिलिलिटरच्या, म्हणजे मुलाच्या एकूण रक्ताच्या सुमारे निम्म्याच्या घरात गेले असेल, किंवा आतडे फुटल्याची चिन्हे असतील, तर थांबण्याला क्षमा नाही.

सभासदांनी आता तासागणिक नोंदी ठेवाव्यात आणि शस्त्रक्रिया का केली नाही याचे कारण केसपेपरवर स्पष्ट लिहावे. परत आलेला प्रत्येक दावा, मुलाचे नाव झाकून, शेऱ्यासह मासिकाकडे पाठवावा. निरीक्षणोपचारासाठी स्वतंत्र पॅकेज मागायचे, तर हे कागद हाती असलेच पाहिजेत.