पेढीवरील तंत्र : नवा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा का सुरू होतो?

दुकानासाठी किंवा पेढीसाठी संगणक घ्यावयाचा म्हटले की अनेक कुटुंबे तयार यंत्राऐवजी सुटे भाग जुळवून घेतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्यासाठीच प्रसिद्ध आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस असे भाग आपल्या गरजेप्रमाणे निवडता येतात आणि पैशांचीही बचत होते. परंतु असा नवा संगणक कधी कधी काम चालू असतानाच अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. जीएसटीआर-3बी भरण्याची 20 तारीख जवळ आलेली असावी आणि नेमके तेव्हाच हे घडावे, म्हणजे व्यापाऱ्याच्या मनाची काय अवस्था होते, हे वाचकांना सांगावयास नको.

अशा वेळी पहिले कर्तव्य दुरुस्तीचे नसून हिशेब वाचविण्याचे आहे. नोंद लिहिली जात असतानाच वीज खंडित झाली, तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. रॅम सदोष असेल, तर चुकीची माहितीही निमूटपणे जतन होऊ शकते. म्हणून सर्व हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, जुनी प्रत पुसू नये आणि दोष सापडेपर्यंत नव्या संगणकावर मूळ हिशेब लिहू नये.

त्यानंतर शोधाकडे वळावे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी खातेवही फाडून टाकीत नाही. एकेक रक्कम ताडून पाहिली जाते. येथेही तोच मार्ग आहे. घाईने विंडोज पुन्हा टाकणे आणि एकाच दिवशी तीन भाग बदलणे, या दोन्ही गोष्टींत पैसा जातो आणि दोष कोठे होता हे कळतच नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम तारीख-वेळेसह वहीत टिपावा.

प्रथम हे ठरवावे की संगणकाला पुन्हा सुरू कोण करीत आहे, विंडोज की वीज? गंभीर चूक आढळली की विंडोज आपण होऊन संगणक पुन्हा सुरू करते, त्यामुळे निळ्या पडद्यावरील सूचना वाचण्यापूर्वीच नाहीशी होते. 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' येथे जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरील खूण काढून टाकावी. पुढच्या वेळी निळा पडदा थांबून राहिला, तर त्यावरील संकेत लिहून घ्यावा. निळा पडदा न दिसता यंत्र एकदम काळोखात गेले, तर संशय वीजपुरवठा, उष्णता किंवा जोडणी यांवर अधिक येतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अशा प्रसंगी 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद दिसते. ती पाहून एसएमपीएस खराब असल्याचा निष्कर्ष अनेकजण काढतात, पण तो बरोबर नाही. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते.

दुसरा प्रश्न, हे केव्हा घडते? सुरू करताच काही सेकंदांत, विंडोज येण्यापूर्वीच घडत असेल, तर जोडणी तपासावी. मदरबोर्डची 24 पिनांची तार आणि प्रोसेसरची स्वतंत्र 8 पिनांची तार पूर्ण बसली आहे का? रॅमच्या कडा खाचेत घट्ट बसल्या आहेत का? मदरबोर्डखाली एखादा पितळी आधारस्क्रू चुकीच्या जागी राहून मंडळाला टेकत तर नाही? कॅबिनेटचे रिसेट बटण आत अडकले तर नाही? येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. डीडीआर5 रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेतो, पडदा काळा राहतो आणि क्वचित तो स्वतःच पुन्हा सुरूही होतो. तेवढा धीर धरावा.

जड काम सुरू केल्यावरच घडत असेल, तर उष्णता आणि एसएमपीएस हे दोन संशयित. बायोसमध्ये, म्हणजे काहीही काम चालू नसताना, प्रोसेसरचे तापमान 80 ते 90 अंशांच्या घरात दिसले, तर कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या तळावरील प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावयाचा राहिला आहे, असे समजावे. तापमान ठीक असेल, तर एसएमपीएसकडे पाहावे. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर छापलेले वॅट नेहमी प्रत्यक्षात मिळतातच असे नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी कसोटी. मात्र एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो. तत्पूर्वी यूपीएस वगळून, अर्थिंग योग्य असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर संगणक चालवून पाहावा. यूपीएसची बॅटरी थकली असेल, तर दोष संगणकात नसतोच.

कोणत्याही वेळी, अगदी रिकामा असतानाही, आणि दर वेळी निराळा संकेत देऊन तो बंद होत असेल, तर रॅम तपासावी. बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेगवाढीची सोय बंद करावी. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 रात्रभर चालवावे. एक जरी चूक आढळली, तरी रॅमची एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

तरीही उलगडा झाला नाही, तर संगणक अत्यावश्यक भागांवर आणावा. एक रॅम, प्रोसेसर, कूलर आणि एसएसडी एवढेच ठेवावे. प्रोसेसरमध्ये चित्रदर्शनाची सोय असेल, तर ग्राफिक्स कार्डही काढावे. इंटेलच्या नावाअंती 'एफ' असलेल्या प्रोसेसरांत ती सोय नसते. इतक्यावर तो स्थिर राहिला, तर एकेक भाग परत जोडत जावे.

क्वचित दोष प्रोसेसरमध्येही असतो. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे 2024 मध्ये कंपनीने मान्य केले, त्यावरील सुधारणा बायोसद्वारे दिली आणि अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली. असा प्रोसेसर असल्यास मदरबोर्डच्या कंपनीचे नवे बायोस अवश्य घालावे.

जुळविलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. म्हणून सर्व बिले आणि खोकी जपून ठेवावीत. वहीतील टिपणे घेऊन विक्रेत्याकडे गेल्यास 'संगणक चालत नाही' या मोघम तक्रारीऐवजी 'ही पट्टी लावली की इतक्या वेळात बंद पडतो' असे नेमके सांगता येते, आणि भाग बदलून मिळणे सुकर होते. दुरुस्तीनंतर दोन दिवस संगणक भरपूर कामाला लावावा. तो एकदाही न थांबता चालला, म्हणजेच त्यावर पेढीचा हिशेब सोपवावा.