मुलाखतीत आयुर्वेद केव्हा विचारणार?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायाचे नाव 'विशिखानुप्रवेशनीय' असे आहे. शिष्याने अध्ययन पूर्ण करून चिकित्साव्यवसायाच्या मार्गावर पहिले पाऊल कसे टाकावे, हा त्या अध्यायाचा आरंभीचा विषय. ज्याने शास्त्र आत्मसात केले आहे, त्याचा अर्थ जाणला आहे, कर्म पाहिले आहे, ते स्वहस्ते करून हात बसविला आहे, जो शास्त्र दुसऱ्यास समजावून सांगू शकतो आणि ज्यास राजाची अनुज्ञा मिळाली आहे, त्याने व्यवसायात उतरावे असे आचार्य सांगतात. नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र शुभ्र असावे, इथपर्यंतचा तपशील त्यात आहे.

आजचा नवपदवीधर वैद्यही असाच निघतो. शर्टाला इस्त्री असते, हातात प्रमाणपत्रांची फाइल असते. राजाची अनुज्ञा म्हणजे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी. तीही त्या फाइलमध्ये असते. फरक इतकाच की, आचार्यांनी जी लक्षणे अनुज्ञेच्या आधी सांगितली, त्यांच्याबद्दल मुलाखतीत एकही प्रश्न निघत नाही. पाहिली जाते ती फक्त अनुज्ञा.

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता अशी साडेपाच वर्षे ज्याने दिली, त्याला आपल्याकडच्या मुलाखतींत काय विचारले जाते ते वाचकांना ठाऊक आहेच. रात्रपाळी करणार का? सलाईन लावता येते का? अतिदक्षता विभागात कधी काम केले आहे का? किती वेतनावर काम कराल? उमेदवार मुलगी असेल तर विवाह झाला आहे का, होणार असल्यास केव्हा, सासर कोठे, घरचे रात्रपाळीला परवानगी देतील का, ही पुरवणी प्रश्नपत्रिका असते. दोषदूष्यांविषयी अथवा एखाद्या व्याधीच्या संप्राप्तीविषयी प्रश्न नाही. नाडीवर बोट ठेवून दाखवा असे कोणी म्हणत नाही. दहा मिनिटांत मुलाखत संपते आणि "कळवतो" हा शब्द ऐकून उमेदवार जिना उतरतो.

प्रस्तुत लेखकाने २००५ साली आंतरवासिता संपवून अशा पाच-सहा मुलाखती दिल्या. एका रुग्णालयात "अनुभव किती?" असे विचारले गेले. नुकताच उत्तीर्ण झालो आहे, असे सांगताच "मग आधी अनुभव घेऊन या" हे उत्तर मिळाले. तो कोठून आणावयाचा हे मात्र कोणी सांगितले नाही. त्या गोष्टीला वीस वर्षे उलटली. आज मजकडे विचारणा करण्यास येणारे तरुण वैद्य तेच वाक्य जसेच्या तसे ऐकून आलेले असतात.

हे असे का होते, याची कारणे थोडी तपासून पाहू. महाराष्ट्र शासनाच्या १९९२च्या अधिसूचनेने राज्यातील नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मोकळीक मिळाली. असा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहील, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली डॉ. मुख्तियार चंद प्रकरणात स्पष्ट केले. या मोकळिकीचा लाभ ग्रामीण रुग्णांना झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचबरोबर शहरातील खासगी रुग्णालयांना कमी वेतनात मिळणारा, कायद्याच्या चौकटीत बसणारा निवासी वैद्यकीय अधिकारी उपलब्ध झाला. रुग्णालयास हवी असते ती पदवी आणि जागती रात्र. त्या पदवीमागील विद्येची त्याला गरज नाही. मग तो ती कशाला विचारील?

शासकीय क्षेत्रातही दारे उघडली, नाही असे नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आयुष वैद्यांच्या कंत्राटी नेमणुका होऊ लागल्या. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात प्रत्येक फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन आयुष डॉक्टर धरले गेले. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांवर सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आपल्या पदवीधरांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून घेण्यात आले. ही कामे मोलाची आहेत. तथापि त्यांतील बहुतेक नेमणुका कराराच्या आहेत आणि कामाचे स्वरूप प्रामुख्याने तपासणी, नोंदी व संदर्भसेवा असे आहे. आयुर्वेदाची कसोटी तेथेही क्वचितच लागते.

येथे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांचे स्मरण करून देणे आवश्यक वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्लीतील महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने निवृत्तिवयाच्या बाबतीत आयुष डॉक्टर व ॲलोपॅथीचे डॉक्टर यांच्यात भेद करणे अमान्य केले. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात मात्र दोघांना समान वेतनाचा हक्क नाही, असा निर्णय दिला. आयुर्वेदाचे महत्त्व न्यायालयाने नाकारले नाही. दोघांचे काम समान नाही, असे म्हटले. तातडीची सेवा, अपघातग्रस्तांवरील उपचार, शस्त्रक्रियेतील साहाय्य यांचा दाखला दिला. या निर्णयाने आपल्यापैकी अनेकांना वेदना झाल्या. पण त्यातून निघणारा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. वेतन कामावर ठरत असेल, तर आपले स्वतंत्र काम कोणते? जोवर आपला पदवीधर दुसऱ्याच्या शास्त्रातील दुय्यम काम करीत राहील, तोवर तुलना त्याच कामाशी होईल आणि तो कमीच भरेल. त्याच्याकडून आयुर्वेदाचे काम घेणारा मालक निर्माण झाला, तरच त्या कामाचे मोल ठरेल.

असा मालक कोण? हे त्रैमासिक ज्यांच्या हाती पडते तेच. आपल्यापैकी कोणाचे पंचकर्म केंद्र आहे, कोणाचे आंतररुग्ण विभाग असलेले चिकित्सालय आहे, कोणाची फार्मसी आहे. शासनाला आणि मोठ्या रुग्णालयांना बोल लावण्यापूर्वी आपण आपल्या सहायक वैद्याची मुलाखत कशी घेतो, हे एकदा पाहावे. बहुतेक ठिकाणी चित्र असे आहे: नियुक्तिपत्र नाही, कामाच्या वेळा नक्की नाहीत, वेतन "काम पाहून ठरवू" या सदराखाली. कोठे मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात. कोठे सहायक वैद्याला चिठ्ठी लिहिण्यापेक्षा औषधांच्या बाटल्या बांधणे आणि गल्ल्यावर बसणे हेच काम अधिक असते. कोठे दूरध्वनीवरून दिवसभर 'सल्ला' द्यावयाचा असतो आणि महिन्याला किती औषधे खपली यावर त्या सल्ल्याची किंमत ठरते. हे सर्व आयुर्वेदाच्या नावाच्या पाटीखाली घडते, म्हणून अधिक खेदाचे आहे.

फार्मसीमालक बंधूंना या संदर्भात स्वतंत्र विनंती करावीशी वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७ अन्वये आयुर्वेदीय औषधनिर्मिती ही पूर्णवेळ नोकरीत असलेल्या पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली होणे बंधनकारक आहे. २००० साली अनुसूची 'टी' आली आणि जागा, स्वच्छता, नोंदी, गुणनियंत्रण यांचे दंडक ठरले. यातून नवपदवीधरांसाठी किती उत्तम काम निर्माण झाले असते! काही फार्मसींनी ते खरोखर निर्माण केले, त्यांचे अभिनंदन. परंतु इतर कित्येक ठिकाणी 'पूर्णवेळ' वैद्य महिन्यातून एकदा सह्या करण्यास येतो. सहीचे पैसे त्याला मिळतात, फार्मसीचा परवाना टिकतो. दोघांचे भागते; पण एका तरुण वैद्याची खरी नोकरी त्या कागदाखाली गाडली जाते, आणि कच्च्या मालात अशोकाच्या सालीऐवजी आसोपालवाची साल आली तर ती ओळखणारे डोळे तेथे नसतात. कागदी नेमणूक ही नैतिक चूक तर आहेच, धंद्याच्या दृष्टीनेही ती महाग पडते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "मुलांना काही येत नाही. आंतरवासितेत रजा घेऊन पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतात. बस्तियंत्र कधी हातात धरलेले नसते. त्यांना काय विचारणार?" हा आक्षेप पूर्णतः खोटा नाही. अनेक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रुग्णसंख्या कागदावर अधिक आणि खाटेवर कमी असते, हे आपण जाणतो. परंतु चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शास्त्रज्ञानानंतर दृष्टकर्मता सांगितली, ती काही जन्मजात नसते. कर्म दाखविणारा असेल तरच ते पाहिले जाते. शिष्याने कोहळा, भोपळा यांसारख्या फळांवर छेदनकर्माचा सराव करावा, असे सुश्रुतांनी योग्यासूत्रीय अध्यायात सांगितले. तो सराव करवून घेण्याचे दायित्व गुरूवर टाकले. महाविद्यालय ते पार पाडीत नसेल, तर पहिला मालक हाच पहिला खरा गुरू ठरतो. अनुभव मागणाऱ्याने थोडा अनुभव देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. लहान चिकित्सालयास चांगले वेतन परवडत नाही, हे खरे आहे. पण नियुक्तिपत्र देण्यास, वेळ ठरविण्यास, ठरलेले वेतन ठरल्या तारखेस देण्यास आणि आठवड्यातून दोन तास रुग्णचर्चा करण्यास फार खर्च येत नाही. शिवाय विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशांमुळे एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना विमासंरक्षणात इतर उपचारांच्या बरोबरीने वागविणे विमा कंपन्यांना आवश्यक झाले आहे. आंतररुग्ण विभाग नीट चालविणाऱ्या आयुर्वेद रुग्णालयांना यापुढे काटेकोर रुग्णपत्रिका लिहिणारे वैद्य लागणारच आहेत. ते आजच घडवावे लागतील.

म्हणून काही सूचना विचारार्थ मांडतो. मुलाखत अर्ध्या दिवसाची असावी आणि ती रुग्णाजवळ व्हावी. उमेदवारास एक रुग्ण देऊन दशविध परीक्षा करू द्यावी. संप्राप्ती आणि चिकित्सासूत्र त्याच्या शब्दांत ऐकावे. पंचकर्म केंद्र असेल तर विरेचनाच्या सम्यक्‌योग व अतियोगाची लक्षणे विचारावीत, आणि अतियोग झाल्यास तो प्रथम काय करील तेही विचारावे. फार्मसी असेल तर दोन साली शेजारी ठेवून ओळखावयास सांगावे. स्नेहसिद्धीची परीक्षा करवून घ्यावी. तेल सिद्ध होताना फेस येतो आणि तूप सिद्ध होताना तो शमतो, हे त्याने कढईजवळ उभे राहून दाखविले तर त्याची प्रमाणपत्रे चाळण्याची गरज राहणार नाही. स्त्री-उमेदवारास विवाहाविषयीचे प्रश्न विचारू नयेत. कामाच्या वेळा सांगाव्यात आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. निवड झाली नाही तर तसे दोन ओळींत कळवावे व कोठे कमी पडला तेही सांगावे. निवड झाल्यास पहिल्याच दिवशी काम, वेळ, वेतन, व्यावसायिक विमा व शिकविण्याची जबाबदारी नमूद करणारे नियुक्तिपत्र द्यावे. मूळ प्रमाणपत्रे पाहून तत्काळ परत करावीत. आपल्या संघटनेने अशा नियुक्तिपत्राचा एक नमुना तयार करून या त्रैमासिकात छापावा आणि रिक्त जागांसाठी एक पान राखून ठेवावे, असेही सुचवितो.

नवपदवीधरांनाही दोन शब्द. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने आधी शास्त्राची, मग आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे. आचार्य साधनसंपन्न, शिष्यवत्सल आणि समजावून सांगण्यास समर्थ आहे ना, हे शिष्याने पाहावयाचे. तेव्हा मुलाखतीत तुम्हीही विचारा: येथे दिवसाला किती रुग्ण येतात, मला स्वतः किती तपासता येतील, शिकवील कोण? असे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, ते शास्त्रसंमत आहेत. त्याच अध्यायात संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा असे चर्चेचे दोन प्रकार येतात. पहिली परस्परांचे ज्ञान वाढविणारी, दुसरी प्रतिपक्षास हरविणारी. आपल्या मुलाखती विगृह्य झाल्या आहेत. त्या संधाय व्हाव्यात.

शिष्योपनयनाच्या प्रसंगी शिष्याची कर्तव्ये सांगून झाल्यावर सुश्रुतांनी गुरूलाही बांधून घेतले आहे. शिष्य नीट वागत असता मी त्याच्याशी अन्यथा वागलो, तर मला पाप लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो, असे गुरू अग्नीच्या साक्षीने म्हणतो. आज मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या प्रत्येक वैद्याने आणि फार्मसीमालकाने हे वाक्य एकदा मनाशी म्हणून पाहावे. पलीकडे बसलेला तरुण आपली विद्या पुढे नेणार की ती फाइलमध्ये बंद करून दुसरा मार्ग धरणार, हे पुष्कळदा त्या दहा मिनिटांत ठरत असते.