चित्र हलवणाऱ्या बाईचे तास

आपल्या संस्था-संघटनांना अ‍ॅनिमेशनची आठवण वर्षातून दोनदा होते. एकदा ८ मार्चच्या आधी आणि एकदा २५ नोव्हेंबरच्या आधी. फोन येतो, "अगं, दोन मिनिटांची छोटीशी फिल्म हवी आहे. पैसे फारसे नाहीत, पण काम आपलंच आहे. आणि तुझ्याकडे कॉम्प्युटर आहेच की." अशा फिल्म मी केल्या आहेत, पुढेही करीन. तक्रार त्याबद्दल नाही. पण मी जेव्हा म्हणते की सध्या माझं स्वतःचं एक काम चालू आहे, कुणी सांगितलेलं नाही, त्यातून काही संदेश निघेल की नाही तेही ठाऊक नाही, तेव्हा पलीकडे क्षणभर सगळं शांत होतं. मग उत्तर येतं, "हो का? छंद म्हणून छानच आहे." या 'छंद' शब्दाशी माझं भांडण आहे.

आधी कामाचं स्वरूप सांगते, कारण ते कळल्याशिवाय भांडण कळणार नाही. मोशन ग्राफिक्स म्हणजे अक्षरं, आकडे, आकृत्या, नकाशे यांना हालचाल देणं. बातम्यांत निवडणुकीचे खांब वरखाली होतात, सिनेमाच्या सुरुवातीला नावं फिरत येतात, ते हेच. त्रिमिती अ‍ॅनिमेशनमध्ये वस्तू आधी कॉम्प्युटरच्या आत घडवावी लागते, मातीची घडवावी तशी, सगळ्या बाजूंनी. माणूस असेल तर त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा, त्वचेला रंग-पोत द्यायचा, दिवे लावायचे, कॅमेरा ठेवायचा. मग हालचालीतल्या महत्त्वाच्या स्थिती एकेक करून ठरवायच्या. मधल्या स्थिती यंत्र भरतं, पण बेताल भरतं, त्या परत हाताने सुधाराव्या लागतात. शेवटी रेंडर, म्हणजे यंत्र प्रत्येक चित्र प्रकाश-सावलीसकट तयार करून देतं.

आता हिशेब करा. सेकंदाला २४ चित्रं. तीन मिनिटांच्या फिल्मला ४,३२० चित्रं. माझ्या घरच्या यंत्राला एका चित्राला चार मिनिटं लागत होती. म्हणजे २८८ तास, पुरे बारा दिवस नि बारा रात्री यंत्र सलग चालू. हे नुसतं रेंडर. त्याआधीचे महिने वेगळे. आणि या बारा दिवसांत वीज गेली, किंवा घरातल्या कुणाला "हे काय रात्रंदिवस घरघरत असतं" म्हणून बटण बंद करावंसं वाटलं, की पुढचं तुम्ही समजून घ्या.

हे तास कुठून आणायचे, हाच माझा मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. फरक २०१ मिनिटांचा. वर्षाचे सुमारे बाराशे तास झाले. बाराशे तासांत एक बरी फिल्म होते. ती फिल्म पोळ्यांत, धुण्यात आणि शाळेच्या डब्यांत गेलेली असते.

आमच्या धंद्यात या तासांना भलताच भाव आहे. मी स्टुडिओत नऊ वर्षं काढली. तिथे मुली पुष्कळ होत्या, पण कुठे? रंग भरणं, रेघा स्वच्छ करणं, आणि रोटो. रोटो म्हणजे चित्रपटातल्या नटाच्या कडेकडेने चित्रामागून चित्र रेघ मारत जाणं, म्हणजे त्याच्या मागचं आकाश बदलता येतं. "मुलींना चिकाटी असते हो" असं कौतुकाने सांगितलं जाई. वरच्या जागेसाठी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमचं पर्सनल काम दाखवा. स्वतःचा काही प्रोजेक्ट?" ऑफिस सुटल्यावर, शनिवार-रविवारी जे केलं ते दाखवा. ही अट ऐकायला मोठी निःपक्षपाती वाटते. बाई-पुरुष दोघांना एकच अट! पण बरोबरचा मुलगा घरी जाऊन आयता जेवून रात्री दोनपर्यंत बसणार आणि मी साडेआठला कुकर लावणार. एकच अट दोघांना दोन वेगळ्या किमतींना पडते. त्याला कुणी भेदभाव म्हणत नाही, कारण तो नियमपुस्तकात लिहिलेला नाही.

पूर्वी तो उघड लिहीत असत. १९३८ साली अमेरिकेत एका तरुण मुलीने डिस्ने स्टुडिओत शिकाऊ म्हणून यायचं विचारलं, तेव्हा तिला छापील कागदावर कळवण्यात आलं की चित्रं तयार करण्याचं सर्जनशील काम इथे स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. मुलींसाठी शाईने रेघा गिरवणं आणि रंग भरणं एवढंच. त्याच्या बारा वर्षं आधी, १९२६ मध्ये, जर्मनीत लोटे रायनिगर या बाईने कात्रीने कागदाच्या सावल्या कापून एक पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट करून ठेवला होता. आज पाहायला मिळणारा त्या प्रकारचा तो सर्वांत जुना चित्रपट. म्हणजे बाईला जमत नव्हतं हा प्रश्न तेव्हाही नव्हताच.

मी स्वतःचं काम म्हणून काय करत होते ते सांगते. भाकरी. तीन मिनिटांत एका बाईचे दोन हात ज्वारीची भाकरी करतात, एवढंच. पाहून एका मैत्रिणीने विचारलं, "पण यातून म्हणायचं काय आहे? चूल-मूल दाखवून आपण परत तेच नाही का करत?" प्रश्न चळवळीत वाढलेल्या बाईचा, म्हणून रागावले नाही. पण उत्तर द्यायला मला ते हात आधी नीट बघावे लागले. शेजारच्या मावशींकडे चार दिवस जाऊन बसले. इतकी वर्षं भाकरी खाल्ली, पण ती कशी मोठी होते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. उजवा हात थापतो, हे दिसतं. डावा काय करतो? तो काठाला लावलेला असतो, दर थापेला भाकरी किंचित फिरवतो आणि चिरू पाहणारी कड आत रेटतो. जोर खांद्यातून येत नाही, मनगटातून येतो. पहिल्या थापा जड आणि सावकाश, भाकरी पसरत जाते तशा त्या हलक्या नि जलद होतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते ओढून ताणता येत नाही, म्हणून तर थापायचं. कॉम्प्युटरमधल्या 'मऊ वस्तू'ला हे कळत नाही. ती रबरासारखी ताणली जाते आणि परत आखडते. मला प्रत्येक थापेचा आकार हाताने द्यावा लागला, आणि कडेच्या भेगा वेगळ्या घडवाव्या लागल्या.

पहिली चाचणी मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, "ही बाई भाकरी करत नाहीये, टाळ्या वाजवतेय." अगदी खरं होतं. हातात वजन नव्हतं. स्टुडिओतल्या कुठल्याही साहेबाने मला इतकी नेमकी सूचना कधी केली नव्हती. मग त्यांनी माझ्याबरोबर बसून थापा मोजल्या, कुठे पाण्याचा हात लागतो, कुठे श्वास सुटतो ते सांगितलं. चाळीस वर्षं केलेल्या कामाचं कुणी असं चित्रामागून चित्र निरीक्षण करील, याचं त्यांना हसू येत होतं आणि थोडं बरंही वाटत होतं. बिनपगारी श्रम अदृश्य असतात असं आपण शिबिरात फळ्यावर लिहितो. ते दृश्य करायचं म्हणजे शेवटी कुणीतरी बसून ते बघायला हवं, इतक्या बारकाईने. मैत्रिणीच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. मात्र कुठल्याही संस्थेच्या अर्जातल्या 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात ते मला लिहिता येणार नाही.

ही हत्यारं आपल्यासाठी घडवलेली नाहीत, हेही पावलोपावली कळतं. तयार शरीरांच्या संग्रहात स्त्री म्हणून जी मिळते ती विशीतली, शिडशिडीत, उंच टाचांवर उभी. तयार हालचालींत मला फॅशनच्या मंचावरची चाल सापडली, डोक्यावर हंडा घेतलेली चाल सापडली नाही. कापडाचं गणित सदरा-झग्यासाठी ठीक चालतं, पण नऊवारीचा काष्टा घालायचा म्हटलं की कापड स्वतःच्याच घड्यांत अडकून थरथरू लागतं. आणि मी सुरुवात केली तेव्हा त्रिमितीत मराठी अक्षरं टाकली की जोडाक्षरं फुटत. फिल्मच्या नावात 'स्त्री' शब्द होता. पडद्यावर आला स, मग पायमोडका त, मग र, वेलांटी लांब कुठेतरी. शेवटी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं लिहून, त्यांच्या बाह्यरेषा करून, चित्र म्हणून आणावी लागली. प्रत्येक शब्दासाठी हा वळसा. इंग्रजीत काम करणाऱ्याला तो कधीच घालावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. मी शिकले तेव्हा हे प्रोग्रॅम इतके महाग होते की स्टुडिओबाहेर पाऊल टाकलं की हातातलं हत्यारच जाई. ब्लेंडर नावाचा प्रोग्रॅम २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून कंपनीच्या ताब्यातून सोडवला आणि सर्वांना मोकळा केला. तो आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकते. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातला 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट त्यातच झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. हत्यार मोकळं झालं, पण हात मोकळे झाले का? बरं चालणारं यंत्र आजही महागच आहे, आणि ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे तिथे त्याच्यावर पहिला हक्क कुणाचा, हे मला सांगायची गरज नाही.

तरी बायकांनी केलंय. 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची फिल्म आपल्यापैकी कितीजणींना पाठ आहे! ती विजया मुळे यांची, आपल्या मुंबईच्या. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' २००६ मध्ये कानच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवली गेली. एक म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं, बस्स. कुणी 'वृद्ध स्त्रियांचे प्रश्न' असा विषय देऊन ती करून घेतली असती तर ती फिल्म झाली नसती. नीना सबनानी यांच्या २००९ च्या 'टांको बोले छे' मध्ये कच्छच्या कारागीर बायकांनी आपल्या स्थलांतराची आणि भूकंपाची कहाणी आपल्याच टाक्यांनी सांगितली. तिथे टाकाच हलतो. माहिती देणाऱ्या आणि चित्र करणाऱ्या अशी फाळणी त्यात राहत नाही, आणि मला ती वाट सर्वांत जवळची वाटते.

कायद्याचं थोडं बोलायला हवं, कारण याबाबत आमच्या मुली फार भोळ्या असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन कुणी सांगून करून घेतलेल्या चित्रपटाचंही तसंच. घरी रात्री केलेलं काम नोकरीचा भाग नाही, पण नेमणुकीच्या कागदात एखादी ओळ अशी असते की नोकरीच्या काळात तुम्ही जे काही घडवाल ते सारं कंपनीचं. माझ्या पहिल्या कागदात ती होती. सही करण्यापूर्वी ती ओळ खोडायला सांगता येते. निदान विचारता तरी येतं. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. आणि कलम ५७ असं सांगतं की हक्क विकल्यावरही कर्ती म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार कर्तीकडे राहतो. आपल्या संस्थांनी केलेल्या किती फिल्मच्या शेवटी चित्रं करणारीचं नाव आहे, एकदा काढून बघा. देणगीदाराचं बोधचिन्ह मात्र पूर्ण पडदाभर.

आता म्हणतील, एवढं कशाला, एक वाक्य लिहिलं की यंत्र हलतं चित्र करून देतं. देतं. मीही लिहून पाहिलं, 'मराठी बाई भाकरी करते आहे'. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एक गोरी, हसरी बाई आली, हातभर बांगड्या, आणि लाटणं घेऊन काहीतरी गोल लाटू लागली. पीठही सांडलं नाही. महिला दिनाच्या दोन मिनिटांना ते चालून जाईल, आणि काही ठिकाणी चालवतीलही, स्वस्त पडतं म्हणून. मला भीती त्याचीच जास्त वाटते. ज्यांनी लाटणं आणि थापणं यातला फरक जपायचा, त्यांनीच तो सोडला तर पुढे कुणाला विचारायचं?

म्हणून संस्थांकडे माझं मागणं अगदी साधं आहे. फिल्म हवी असेल तर तिच्या तासांचा हिशेब करून मोबदला द्या, पथनाट्याच्या मांडवाला देतो तसाच. कार्यालयातलं चांगलं यंत्र संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतं. ते बारा रात्री एखाद्या मुलीच्या रेंडरला मिळू द्या. वीज तुमची, फिल्म तिची. फिल्मच्या मूळ फाइली तिच्याकडे राहू द्या. तालुक्याच्या गावी पाळणाघरासह आठ दिवसांचं शिबिर घ्या, आणि त्यात विषय देऊ नका. गेल्या वर्षी आम्ही सात जणींनी असं एक भरवलं, वर्गणी काढून. हुंडा, हिंसा, पाणी यांवर काहीतरी येईल असं सर्वांना वाटत होतं. एकीने गिरणीत दळण टाकून उभ्या असलेल्या बाईच्या चपला केल्या, नुसत्या चपला, पाय बदलत राहणाऱ्या, अकरा सेकंद. दुसरीने कपाटातून अलगद निघून उडत जाणारी साडी केली. तिसरीची फिल्म अजून अपुरी आहे. तिचं यंत्र नवऱ्याने विकलं, आणि ती आता आमच्यापैकी एकीकडे दर गुरुवारी येऊन बसते.